चौघांची एकच वेळ: ॲडव्हेंचर रेसचे नियम आणि त्यामागची कारणं

धावण्याच्या शर्यतीत जो पुढे, तो पहिला. ॲडव्हेंचर रेसमध्ये हिशेब उलटा असतो. संघातला शेवटचा माणूस अंतिम रेषा ओलांडतो, तेव्हा संघाची वेळ नोंदली जाते. या खेळातले बाकीचे जवळपास सगळे नियम याच एका नियमाभोवती उभे आहेत. ते नुसते पाठ केले तर जाचक वाटतात, पण कारणासकट समजून घेतले तर हा खेळ नक्की काय मोजतो, ते कळतं.

शर्यतीचा आराखडा

ॲडव्हेंचर रेसमध्ये एकाच स्पर्धेत अनेक खेळ एकामागून एक येतात. डोंगरातलं चालणं-धावणं, माउंटन बाइक, कयाक किंवा राफ्ट आणि रॅपलिंगसारखी दोराची कामं हे नेहमीचे टप्पे. या सगळ्यांना बांधून ठेवतं ते नकाशावाचन. वाट आखून दिलेली नसते. ठरावीक ठिकाणं गाठायची असतात आणि तिथवरचा रस्ता संघानं स्वतः शोधायचा असतो.

छोटी स्पर्धा काही तासांत संपते. मोठी, म्हणजे एक्स्पिडिशन प्रकारची स्पर्धा अनेक दिवस आणि रात्री सलग चालते. त्यात घड्याळ थांबत नाही. कधी झोपायचं, किती झोपायचं, की झोपायचंच नाही, हे संघ ठरवतो. 2019 साली फिजीमध्ये झालेली इको-चॅलेंज हे याचं ठळक उदाहरण. 671 किलोमीटरचा मार्ग, 30 देशांतले 66 संघ आणि 11 दिवसांची मुदत. एव्हरेस्टवर एकत्र पोचलेल्या पहिल्या जुळ्या बहिणी ताशी आणि नुंग्शी मलिक यांचा भारतीय संघही त्यात होता.

हा खेळ कुठून आला

1968 साली इंग्लंडमध्ये करिमर माउंटन मॅरेथॉन सुरू झाली. दोघांची जोडी, दोन दिवस, सगळं सामान स्वतःच्या पाठीवर, अशी तिची रीत होती. संघानं एकत्र आणि स्वतःच्या बळावर जायचं, ही कल्पना तिथेच दिसते. 1983 साली न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कोस्ट टू कोस्ट सुरू झाली. एका किनाऱ्यावरून निघायचं आणि धावत, सायकलवर व कयाकमधून दुसरा किनारा गाठायचा. 1989 मध्ये जेरार फ्युझी या फ्रेंच पत्रकारानं न्यूझीलंडमध्येच रेड गोलवाज ही स्पर्धा भरवली. पाच जणांचा संघ आणि त्यात किमान एक स्त्री, ही तिची अट होती. स्त्री-पुरुषांच्या मिश्र संघाची प्रथा या स्पर्धेमुळे रुळली. 1995 मध्ये मार्क बर्नेट यांनी अमेरिकेतल्या युटामध्ये इको-चॅलेंज सुरू केली आणि टीव्हीमुळे हा खेळ घरोघरी पोचला. 2001 पासून ॲडव्हेंचर रेसिंग वर्ल्ड सिरीज ही जागतिक मालिका चालते. आज मोठ्या स्पर्धांमध्ये चौघांचा मिश्र संघ हाच सर्वमान्य आकार आहे.

पहिला नियम: सुटायचं नाही

संघातल्या सगळ्यांनी पूर्ण मार्गावर एकमेकांच्या जवळ राहायचं. बहुतेक स्पर्धांत ही मर्यादा 50 ते 100 मीटर असते. चेकपॉइंटवर सगळे एकत्र हजर असावे लागतात. तरबेज गड्यानं पुढे पळत जाऊन वाट शोधायची आणि बाकीच्यांनी आरामात मागून यायचं, हे चालत नाही.

हा नियम सुरक्षेसाठी आहेच. अंधारात, पावसात, झोपेनं डोळे मिटत असताना एकटा पडलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो. पण याच नियमानं खेळाचं गणितही बदलतं. संघाचा वेग सगळ्यात थकलेल्या गड्याच्या वेगाइतकाच असेल, तर त्याचं ओझं हलकं करणं हाच पुढे जाण्याचा सगळ्यात जलद मार्ग ठरतो. म्हणून अनुभवी संघांत ताज्या दमाच्या माणसाच्या सॅकच्या मागे एक इलॅस्टिक दोरी बांधलेली दिसते. तिच्या टोकाचा हुक दमलेल्या सोबत्याच्या सॅकच्या पट्ट्यात किंवा सायकलच्या हँडलखाली अडकवतात. चढावर दोरी ताणली जाते आणि मागच्याला हलकी ओढ मिळते. सॅकमधलं सामानही असंच हलतं. दोन तासांपूर्वी जो ओढत होता, तोच आता ओढला जातो. नियमांना हे मान्य आहे, कारण मदत संघाच्या आतूनच येते.

फिजीच्या त्याच स्पर्धेत मार्क मेसी हे जुने स्पर्धक अल्झायमरचं निदान झालेलं असताना मुलगा ट्रॅव्हिससोबत उतरले होते. सोबत्याला एकटं न सोडणं या खेळाच्या नियमातच आहे, म्हणून असा संघ उभा राहू शकतो.

एखाद्यानं माघार घेतली तर उरलेल्यांना अनेक स्पर्धांत पुढे जाता येतं, पण क्रमवारीतून संघाचं नाव जातं. त्यामुळे दुखणं लपवणं हा संघावरचा अन्याय ठरतो. टाच हुळहुळायला लागली की तिथेच बसायचं, मोजा काढायचा, वाळू झटकायची, पाय कोरडा करून टेप लावायची. हा थांबा काही मिनिटांचाच असतो. तो टाळला तर फोड फुटतो आणि पुढचा दिवस चौघांनाही रखडत काढावा लागतो.

नकाशा चालतो, जीपीएस नाही

आयोजकांनी दिलेले नकाशे, होकायंत्र आणि बहुतेक ठिकाणी उंची दाखवणारं साधं घड्याळ, एवढीच साधनं चालतात. मोबाइल सोबत असलाच तर तो सीलबंद पिशवीत, फक्त संकटासाठी. सील तुटलेलं आढळलं तर संघावर कारवाई होते. नकाशे अनेकदा सुरुवातीच्या थोडे तास आधीच हाती पडतात, म्हणजे कुणाला आधी जाऊन वाट पाहून ठेवता येत नाही.

1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. कंटूर रेषा कुठे दाटल्या आहेत, धार कुठे उतरते, खिंड कुठे आहे, हे त्यातून वाचावं लागतं. परदेशी स्पर्धेला जाणाऱ्या मराठी ट्रेकरनं एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. महाराष्ट्रात होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत फरक जवळपास नसतोच, म्हणून आपल्याला तो धरायची सवय नसते. न्यूझीलंडमध्ये हाच फरक 20 अंशांच्या आसपास जातो. तो विसरला तर एका किलोमीटरमागे संघ साडेतीनशे मीटर भरकटतो.

चेकपॉइंट आणि ट्रान्झिशन

मार्गावरचे चेकपॉइंट ठरलेल्या क्रमानं गाठायचे असतात. तिथे पोचल्याचा पुरावा म्हणून कार्डावर पंच करतात किंवा इलेक्ट्रॉनिक चिप लावतात. कार्ड हरवणं महागात पडतं, म्हणून ते एकाच्याच गळ्यात आणि ठरलेल्या जागी असावं.

खेळ बदलतो त्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. सायकल सोडून कयाक घ्यायची, बूट बदलायचे, खायचं, पाणी भरायचं, हे सगळं तिथे होतं. काही स्पर्धांत संघाला मदतनीस नेता येतो. फिजीत प्रत्येक संघासोबत असा एक पाचवा माणूस होता. इतर अनेक स्पर्धांत मदतनीस नसतो. सायकली आणि सामानाच्या पेट्या आयोजक पुढच्या ठिकाणी पोचवतात आणि पेटीच्या वजनावर मर्यादा असते. कुठली वस्तू कुठल्या पेटीत गेली याची यादी झाकणावर आतून चिकटवून ठेवली, तर पहाटे तीन वाजता झोपाळलेल्या डोळ्यांनी शोधाशोध करावी लागत नाही.

सक्तीचं सामान

प्रत्येक स्पर्धेची सक्तीच्या सामानाची यादी असते. प्रथमोपचार पेटी, ऊब धरणारं चकचकीत ब्लँकेट, शिटी, हेडटॉर्च, पावसाचं जाकीट, कोरडे उबदार कपडे, पाण्यात लाइफ जॅकेट, दोरावर हार्नेस आणि हेल्मेट. काही वस्तू संघामागे एक, काही माणसामागे एक. तपासणी सुरुवातीला होते आणि मध्येच कुठेही होऊ शकते. वस्तू कमी निघाली तर वेळेचा दंड बसतो किंवा ती मिळेपर्यंत पुढे सोडत नाहीत.

वजन कमी करायचा मोह इथे सगळ्यात मोठा असतो. पण भिजलेला, थांबलेला माणूस किती पटकन गारठतो, हे सह्याद्रीत पावसाळी मुक्काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. यादीतली प्रत्येक वस्तू चालणाऱ्यासाठी नसून अडकून पडलेल्यासाठी असते.

नदी, दरड आणि अंधार

वेगवान नदीच्या टप्प्यावर अनेकदा 'डार्क झोन' असतो. अंधार पडल्यावर वल्हवायला बंदी. संघ जिथे असेल तिथे काठावर यायचं आणि उजाडेपर्यंत थांबायचं. इथे डावपेच सुरू होतात. अंधाराआधी नदीचा टप्पा पार करणारा संघ अख्खी रात्र कमावतो. ते जमणार नसेल तर आधीच्या टप्प्यावर जीव काढून पळण्यापेक्षा तिथेच झोप उरकणं शहाणपणाचं.

दोराच्या टप्प्यावर प्रशिक्षित माणसांचा शब्द अखेरचा असतो. तिथे रांग लागली तर अनेक स्पर्धांत तेवढा वेळ संघाला परत मिळतो, कारण दोरावर कुणी घाई करावी असं आयोजकांना नको असतं. डोंगरउतारावरची सावधगिरी मोठी किंमत मोजून आली आहे. 2004 साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्रायमल क्वेस्ट स्पर्धेत सुटलेल्या मोठ्या दगडामुळे एका ऑस्ट्रेलियन स्पर्धकाचा मृत्यू झाला. हवामान बिघडलं किंवा दरडीचा धोका दिसला, तर मार्ग बदलण्याचा किंवा स्पर्धा थांबवण्याचा अधिकार आयोजकांकडे असतो. त्यावर वाद घालायचा नसतो.

पाण्यातला न दिसणारा धोका

2000 साली मलेशियाच्या सबाहमध्ये झालेल्या इको-चॅलेंजमध्ये 304 स्पर्धक होते. स्पर्धेनंतर ज्या 189 जणांशी संपर्क झाला, त्यांपैकी 80 जणांमध्ये लेप्टोस्पायरोसिसशी जुळणारी लक्षणं आढळली. सेगामा नदीत पोहणं हे मुख्य कारण निघालं. डॉक्सीसायक्लिन आधीपासून घेतलेल्यांना संरक्षण मिळाल्याचंही दिसलं. हा आजार आपल्याला परका नाही. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून आणि कोकणात भातखाचरांतून तो दर पावसाळ्यात डोकं वर काढतो. म्हणून वैद्यकीय माहितीपत्र खरं भरणं, जखमा झाकणं, डॉक्टरांना आधी विचारून औषध घेणं आणि घरी परतल्यावर ताप आला तर 'नदीत उतरलो होतो' हे स्पष्ट सांगणं, हाही नियमपालनाचाच भाग आहे.

दंड, कटऑफ आणि मदत

चुकीच्या स्वरूपानुसार शिक्षा ठरते. छोट्या चुकीला वेळेचा दंड. चेकपॉइंट चुकवला तर मोठा दंड किंवा क्रमवारीतून बाहेर. जीपीएस वापरणं, गाडीत बसणं यांसारख्या फसवणुकीला थेट बाद. ठरलेल्या कटऑफ वेळेत एखादा टप्पा गाठला नाही, तर संघाला छोट्या मार्गावर वळवतात किंवा थांबवतात.

बाहेरच्या माणसाची मदत बहुतेक ठिकाणी चालत नाही. वाटेत सर्वांना खुल्या असलेल्या दुकानातून खाणं घेता येतं का, गावकऱ्याला वाट विचारता येते का, हे स्पर्धेगणिक बदलतं, म्हणून ते आधी विचारून घ्यावं. एका बाबतीत मात्र सगळीकडे एकमत आहे. दुसऱ्या संघातला कुणी जखमी दिसला तर थांबून मदत करायचीच. तो वेळ आयोजक भरून देतात. प्रत्येक संघाकडे उपग्रह ट्रॅकर असतो आणि त्यावरचं संकटाचं बटण जिवाला धोका असेल तेव्हा दाबायला कचरायचं नाही.

जमिनीचेही नियम असतात. न्यूझीलंडमध्ये डिडिमो हे शेवाळ एका नदीतून दुसरीत जाऊ नये म्हणून कयाक आणि बूट तपासून, धुऊन, वाळवून घ्यावे लागतात. बंदी असलेल्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही, फाटक होतं तसं लावायचं, कचरा सोबत आणायचा.

आपल्या सह्याद्रीत

पुण्याच्या नॅशनल एज्युकेशन फाउंडेशननं 2003 पासून एन्ड्युरो3 ही स्पर्धा भरवली आणि महाराष्ट्रात या खेळाची ओळख रुजवली. तिथे संघ तिघांचा असतो. सायकल, ट्रेकिंग, नदी ओलांडणं असे टप्पे सह्याद्रीच्या कुशीत होतात. मुलांचे, मुलींचे आणि मिश्र असे संघ त्यात उतरतात. गडकोट फिरणाऱ्यांना चढ-उताराची सवय असते, पण सोबत्याच्या चालीनं चालायची सवय वेगळी लावावी लागते. आपल्याकडच्या डोंगरात दोन पथ्यं जास्तीची पाळावीत. उभ्या पिकातून वाट काढायची नाही आणि कड्याखाली आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा, धूर, उग्र अत्तर काहीही नको.

नाव नोंदवण्याआधी संघात काय ठरवावं

नियमपुस्तिका चौघांनी वाचावी, कप्तानानं एकट्यानं नव्हे. नकाशा कुणाकडे, त्याला झोप आली तर कुणाकडे, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, कुठल्या लक्षणांवर माघार घ्यायची, हे घरीच बोलून घ्यावं. निदान एक रात्र सगळ्यांनी मिळून डोंगरात चालून पाहावी. कोण भूक लागली की चिडतो, कोण दुखलं तरी बोलत नाही, हे त्या रात्रीतच कळतं.

या खेळानं दमलेल्या माणसाला ओझं मानायचं नाही, असा नियमच करून ठेवला आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. 'मला जमत नाहीये, माझी सॅक घे' असं वेळेवर म्हणता येणं आणि ते ऐकणाऱ्यानं न कुरकुरता सॅक उचलणं, या दोन्हींचा सराव सायकल आणि वल्ह्याइतकाच करायला हवा. तो केलेला संघ कितव्याही क्रमांकावर आला, तरी चौघंही रेषा एकत्र ओलांडतात.