दिशा घेतली की माघार नाही

मुलांनो, भातकापणी आटोपली, खळी उठली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या शाळांतून खेळांचे दिवस सुरू होतात. आधी केंद्राच्या स्पर्धा, मग बीटच्या, मग तालुक्याच्या. खो-खोचा सामना रंगात आला की एक आरडाओरडा हमखास ऐकू येतो. "पंच सर, तो मागे फिरला!" दुसरीकडून उत्तर येते, "नाही हो, कुठे फिरला?" मग सामना थांबतो, तोंडे फुगतात आणि कधी कधी दोन गावांची मुले एकमेकांशी बोलेनाशी होतात. हा वाद टाळायचा तर दिशेचा नियम नीट समजून घ्यायला हवा.

मैदान तुमच्या ओळखीचे आहे. दोन टोकांना दोन खांब, त्यांच्यामधून जाणारी लांब मधली पट्टी आणि तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पट्ट्या. जिथे पट्ट्या छेदतात तिथे चौक होतो. आठ चौकांत आठ गडी आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात. नववा पाठलाग करतो. पळणाऱ्याला मधली पट्टी हवी तिथून ओलांडता येते. पाठलाग करणाऱ्याला ती ओलांडता येत नाही. शिवाय एकदा का तो एका खांबाच्या दिशेने निघाला, की त्या खांबाच्या रेषेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही.

असा कडक नियम कशाला? विचार करा. पाठलाग करणाऱ्याला मनाला येईल तसे वळता आले असते, तर बसलेल्या आठ जणांचे काम काय उरले असते? खो द्यायची गरजच पडली नसती. जो सर्वांत वेगवान तो एकटाच धावला असता आणि पळणाऱ्याच्या हुलकावणीला काही किंमत राहिली नसती. या नियमामुळे एकट्याच्या वेगापेक्षा सगळ्यांची एकजूट मोठी ठरते.

असा नियम परदेशी खेळातही आहे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने काढला. पुढे असे होऊ लागले की, गुणांत पुढे असलेला संघ चेंडू आपल्याच अर्ध्या मैदानात धरून वेळ काढी. म्हणून १९३२ साली तिथे मधल्या रेषेचा नियम आला. चेंडू १० सेकंदांत रेषेपलीकडे न्यायचा आणि एकदा नेला की आपल्या अर्धात परत आणायचा नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत आता १० ऐवजी ८ सेकंद मिळतात. चेंडू मागे आणला तर तो दुसऱ्या संघाला देतात. तिथला पंचसुद्धा नुसता चेंडू पाहत नाही, खेळाडूचे पाय कुठे आहेत तेही पाहतो.

आता आपल्या पंचाने काय पाहायचे? तीन गोष्टी : पाऊल, खांदे आणि जागा. तीन प्रसंग घेऊ.

पहिला प्रसंग. चौथ्या चौकातला गडी खो मिळताच उजव्या खांबाकडे निघाला. पळणाऱ्याने हूल दिली आणि तो मागे सटकला. गड्याने गर्रकन वळून त्याला शिवले. बाद? नाही. दोन खांद्यांना जोडणारी रेषा मनात आखा. ती काटकोनापेक्षा जास्त फिरली की दिशा बदलली असे धरतात. पण खांदे तितके न फिरवता नुसता हात मागे नेऊन शिवले असेल, तर पळणारा बाद.

दुसरा प्रसंग. पाठलाग करणारा खांबाच्या रेषेपलीकडे गेला आणि तिथे दोनदा उलटसुलट वळून त्याने गडी टिपला. हा बाद बरोबर आहे. तिथल्या मोकळ्या जागेत दिशेचे बंधन नसते.

तिसरा प्रसंग. धावण्याच्या भरात तो बसलेल्या मित्राची आडवी पट्टी सोडून एक पाऊल पुढे गेला. लक्षात येताच मागे आला आणि "खो" म्हणाला. हा खो चुकीचा. पट्टीवरचा पाय सुटण्याआधीच खो द्यायला हवा.

नियमभंग झाला की पंच शिट्टी वाजवतो. पाठलाग करणाऱ्याने लगेच थांबायचे आणि पंच सांगेल त्या, म्हणजे उलट दिशेने जायचे. नियमभंगामुळे कोणी बाद झाला असेल तर तो बाद धरत नाहीत. म्हणून शिट्टीला उशीर करून चालत नाही. उशिरा वाजलेल्या शिट्टीने एक पळणारा विनाकारण बाहेर बसतो आणि त्याच्या संघाला वाटते की आपल्याला फसवले.

मैदानावर दोन पंच असतात. मधल्या पट्टीच्या दोन बाजूंना एकेक. ज्याने त्याने आपल्या बाजूचा निर्णय द्यायचा आणि दुसऱ्याला मदत करायची. प्रेक्षक पळणाऱ्याकडे बघतात. पंचाने पाठलाग करणाऱ्याचे पाय आणि खांदे बघायचे. ओरडा झाला म्हणून शिट्टी वाजवू नये आणि ओरडा होईल म्हणून गिळूही नये. आपल्या मुरमाड मैदानावर अनवाणी पायांनी फक्की लवकर पुसली जाते. तेव्हा डाव संपला की रेषा पुन्हा मारून घ्याव्यात. रेषाच दिसत नसेल तर पंच बिचारा काय करणार?

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ जिंकले. प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचेच. त्यांनाही पंचाची शिट्टी पाळावीच लागते.

तेव्हा खेळाच्या तासाला पाळीपाळीने दोघांनी पंच व्हावे. चांगले पळणाऱ्यांनी तर जरूर व्हावे. पाय आणि खांदे बघायची सवय लागली की आपलीही दिशा चुकेनाशी होते, आणि पुढच्या स्पर्धेत शिट्टी वाजली की भांडायच्या आधी, आपण खरेच वळलो होतो का, हे आपले आपल्यालाच कळते.