दख्खनच्या राणीत न्याहारी

दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांचा एक प्रश्न ठरलेला असतो. रक्तदाब मोजून होतो, औषधे लिहून होतात, आणि खुर्चीतून उठता उठता, जणू फारसे महत्त्वाचे नसल्यासारखे, ते विचारतात, "डॉक्टर, प्रवास केला तर चालेल ना?" बहुतेकांना कुणाच्या तरी लग्नाला, मुंजीला किंवा मुलाकडे जायचे असते. केवळ स्वतःच्या आनंदासाठी कुठे जावे, अशी परवानगी मागणारे वृद्ध मला क्वचितच भेटतात. माझी आई त्यांपैकी एक निघाली, आणि तिने ती परवानगी माझ्याकडे मागितली तेव्हा ती ८१ वर्षांची होती.

आमचे वडील पुण्याहून मुंबईला रोज नोकरीसाठी ये-जा करीत. सकाळची सव्वासातची डेक्कन क्वीन, आणि संध्याकाळी तीच गाडी परत. निवृत्त होईपर्यंत हा क्रम चालला. त्यांच्यासाठी आई पहाटे साडेचारला उठून पोळी-भाजीचा डबा करी. गाडीच्या डायनिंग कारमधल्या चीज टोस्टचे आणि ऑम्लेटचे वर्णन वडील इतक्या तन्मयतेने करीत, की आम्हा भावंडांना ती गाडी म्हणजे रुळांवरून धावणारे हॉटेलच वाटे. "एकदा तुला नेईन," असे ते आईला म्हणत. ते राहून गेले. वडील गेल्यावर काही वर्षांनी, एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "अरे, मला एकदा त्या गाडीत बसून, घाट बघत तो टोस्ट खायचाय. माझ्या साखरेला चालेल का?"

१ जून १९३० रोजी सुरू झालेली ही गाडी मराठी माणसाने 'दख्खनची राणी' म्हणून आपलीशी केली आहे. दरवर्षी त्या तारखेला पुणे स्थानकावर केक कापून तिचा वाढदिवस साजरा होतो. टेबल-खुर्चीवर बसून खाता येईल असा स्वतंत्र डबा आजही बाळगणारी ही आपल्याकडची एक दुर्मिळ गाडी. २०२२ साली गाडीला नवे डबे लागले, तेव्हा हा डबाही नवा झाला. आता तेथे एका वेळी ४० जण बसू शकतात. एका टेबलाला चौघे, शेजारी रुंद खिडकी आणि खिडकीबाहेर बोरघाट. १८६३ पासून रेल्वे हा घाट चढते-उतरते आहे. २५ हून अधिक बोगदे आणि दर ३७ फुटांना १ फूट असा चढ. मुंबईहून येताना गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लावावी लागतात ती यामुळेच.

या चढाची अनेक हृदयरुग्णांना उगाच भीती वाटते. घाट इंजिन चढते, प्रवासी नव्हे. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर आणि पुण्याची साधारण ५६०. एवढ्याने हवेतल्या प्राणवायूत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. ज्यांचा आजार स्थिर आहे, जे घरात विनासायास वावरतात आणि ज्यांना सपाट जागी चालताना धाप लागत नाही, त्यांनी घाटाला भिण्याचे कारण नाही. भ्यायचे असेल तर फलाट आणि डबा यांमधल्या फटीला भ्यावे.

तर आईला मी "चालेल" म्हटले आणि सर्व आखणी स्वतः केली. तिकिटे काढली. उतरत्या वयात जिने चढवायचे नाहीत म्हणून स्थानकावर चाकाची खुर्ची सांगून ठेवली. औषधांची पिशवी, चष्मा, शाल, पाण्याची बाटली, सगळे नीट घेतले. आईला मधुमेह जुना. सकाळ-संध्याकाळ मिश्र प्रकारचे इन्शुलिन. रोजच्या शिस्तीप्रमाणे मी साडेसहाला घरीच तिचे इंजेक्शन दिले. बरोबर बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटे. न्याहारी गाडीतच करायची होती ना!

पुण्याहून गाडी सुटल्यावर लगेच डायनिंग कारमध्ये जावे, असा माझा बेत होता. पण आई म्हणाली, "घाट लागल्यावर खाऊ. हे म्हणायचे, खंडाळ्याच्या बोगद्यांत टोस्टची चव वाढते." त्या वाक्यापुढे मला वेळापत्रक आठवले नाही. तळेगाव गेले, मळवली गेले. लोणावळा मागे पडले. नागफणीचा सुळका धुक्यातून डोके काढून उभा होता. आम्ही तिघे, म्हणजे आई, पत्नी आणि मी, डायनिंग कारमध्ये येऊन टेबलाशी बसलो, तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते.

पदार्थ सांगायच्या वेळी आई एकाएकी चिडली. "मला काही नको, घरी चला," म्हणाली. पत्नी समजुतीने म्हणाली, "आई, तुमच्याच आवडीचं मागवतोय ना?" तर आईने तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहिले आणि विचारले, "हे कुठे गेले?" पहिला बोगदा आला, डबा क्षणभर अंधारला, आणि उजेड परतला तेव्हा मला तिच्या कपाळावर, ओठांच्या वर घामाचे थेंब दिसले. वातानुकूलित डब्यात आम्ही शाली पांघरून बसलो होतो. आमच्यापैकी घाम कुणालाच आला नव्हता.

पत्नीला वाटले, वडिलांच्या आठवणीने आई हळवी झाली. खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले. तीस वर्षे वैद्यकी करणाऱ्या माणसाला! इन्शुलिन शरीरात जाऊन पावणेदोन तास झाले होते आणि पोटात होती दोन बिस्किटे. पिशवीतले यंत्र काढून बोटाला सुई टोचली. साखर ५८.

सुदैवाने आई शुद्धीवर होती, गिळू शकत होती. वाढप्याने न विचारता साखरेच्या पुड्या पुढे केल्या. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून मी तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी साखर ८४ झाली. तेवढ्या वेळात आमच्या खिडकीतून बोरघाटातला सर्वांत सुंदर भाग निघून गेला असणार. मी घड्याळाखेरीज काहीही पाहिले नाही.

चूक गाडीची नव्हती, आईच्या हट्टाची तर नव्हतीच. ती माझी होती, आणि म्हणूनच येथे सविस्तर लिहितो आहे. इन्शुलिन घड्याळाशी नव्हे, ताटाशी बांधलेले असते. आईला दिले जाते तशा मिश्र इन्शुलिननंतर साधारण अर्ध्या तासात पोटभर खाणे झालेच पाहिजे. काही नव्या प्रकारच्या इन्शुलिनना तर जेवायला बसतानाच घ्यावे लागते. प्रवासात खाण्याची वेळ आपल्या हाती नसते. टेबल रिकामे नसेल, गाडी थांबेल, मन बदलेल. म्हणून समोर ताट आल्याखेरीज इंजेक्शन घेऊ नये, नाहीतर घरूनच नीट खाऊन निघावे आणि गाडीतला टोस्ट केवळ कौतुकापुरता घ्यावा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आपल्या बाबतीत नेमके काय करावे, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

वृद्धांमध्ये साखर उतरल्याची लक्षणे पुस्तकातल्यासारखी दिसत नाहीत. हात थरथरणे, छाती धडधडणे हे असेलच असे नाही. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत ती लक्षणे झाकली जातात. घाम मात्र बहुधा येतोच. चिडणे, गोंधळणे, असंबद्ध बोलणे, एकाएकी गप्प होणे, यांना आपण "वय झालं" म्हणून बाजूला सारतो. मधुमेही वृद्धाचा स्वभाव अर्ध्या तासात पालटला, तर आधी साखर तपासावी, मग स्वभावाची चर्चा करावी. यंत्र जवळ नसेल तर साखर देऊन मोकळे व्हावे. ७० च्या खाली आकडा असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावे, आणि साखर वर आल्यावर पोटभर खायला घालावे. चॉकलेट, चिक्की किंवा चीज टोस्ट या प्रसंगी कामाचे नाहीत. त्यांतल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, तिकीट तपासनिसाला बोलवावे आणि १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर मदत मागावी.

खाण्याविषयी आणखी थोडे. हलत्या डब्यात गिळणे हे तरुणाला खेळ वाटते. कंपवात असलेल्याला किंवा पक्षाघातातून उठलेल्याला ते काम असते. पाठ ताठ ठेवून बसावे, लहान घास घ्यावा, घास तोंडात असताना खिडकीबाहेरचे दाखवण्यासाठी त्यांना बोलते करू नये. कोरडा टोस्ट चहात बुडवून मऊ करण्यात कमीपणा नाही. माशाच्या कटलेटमधला काटा आपण आधी पाहून घ्यावा. चहाचा कप अर्धाच भरून मागावा. पातळ, नाजूक त्वचेवर सांडलेल्या चहाचा चटका महिनाभर पुरतो. मीठ आणि लोणी यांविषयी मी एरवी कठोर आहे. पण ज्याचे हृदय निकामी होत आलेले नाही, पायांवर सूज नाही, त्याचे एका दिवसाच्या ऑम्लेटने काही बिघडत नाही. वर्षभर पथ्य पाळणाऱ्या माणसाला त्या एका दिवशी अपराधी वाटायला लावणे, हे मला कुपथ्याहून वाईट वाटते.

प्रवासात लघवीला जावे लागू नये म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडणारे आणि लघवीची गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण मी नित्य पाहतो. पाणी तोडल्याने बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाला संसर्ग होतो, उभे राहताच चक्कर येते. आणि चक्कर येऊन पडले की खुब्याचे हाड. गोळी उशिरा घेता येते का, हे डॉक्टर सांगू शकतात. टाळावी की नाही हे शेजारच्यांनी सांगू नये. प्रसाधनगृहाजवळची आसने मिळाली तर घ्यावीत, आणि आजोबा आत असताना बाहेर कुणीतरी उभे राहावे. उठण्यापूर्वी मिनिटभर बसल्या जागीच पाय हलवावेत. दोन डब्यांमधला जोड हा गाडीतला सर्वांत डळमळीत तुकडा. डायनिंग कारला जाताना तो शक्यतो एकदाच ओलांडावा लागेल असा जवळचा डबा निवडावा आणि घाट लागण्याआधीच तेथे पोहोचावे.

मळमळीवरच्या गोळ्यांबद्दलही सावध राहा. त्यांतल्या काहींनी वृद्धांना गुंगी येते, गोंधळ उडतो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याला इजा होते. क्षितिजाकडे पाहावे, पोट अगदी रिकामे ठेवू नये, हे अधिक निर्धोक. २०२१ पासून या गाडीला काचेच्या छताचा विस्टाडोम डबाही लागतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी त्यात बसताना काळा चष्मा विसरू नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांना बोगद्यातला अचानक अंधार भेडसावतो. अशा वेळी त्यांचा हात हातात घेऊन, "आता बोगदा येणार," एवढे आधी सांगितले तरी पुरते.

त्या दिवशी साखर वर आल्यावर आईने टोस्ट खाल्ला, पण तिला त्यातले फारसे आठवत नव्हते. मलाच ते लागून राहिले. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. इन्शुलिन या वेळी थंड पिशवीत बरोबर होते. ते कधी द्यायचे, हे मी आईच्या नेहमीच्या मधुमेहतज्ज्ञांना विचारून घेतले होते. लोणावळ्याच्या बरेच आधी टेबल गाठले, पोहे आणि ऑम्लेट समोर आल्यावर इंजेक्शन झाले, आणि चीज टोस्ट मात्र मुद्दाम खंडाळ्यापर्यंत राखून ठेवला.

पावसाळा होता. बोगद्यातून बाहेर पडावे तो कड्यावरून धबधबा, पुन्हा अंधार, पुन्हा हिरवा उजेड. आईने टोस्टचा कोपरा तोडला, सावकाश चावला, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी नकळत तिचे कपाळ निरखत होतो.

"घाम नाही आलाय मला," ती म्हणाली. मग सुनेकडे वळून हसली. "बघितलंस? म्हणून यांच्या डब्यातल्या दोन पोळ्या रोज परत यायच्या. मी आपली वर्षानुवर्षं भाज्या बदलून बघत होते!"