सोयाबीन आपलं, सॉस बाटलीतला

जपानी जेवण म्हटलं की बेळगावात आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कच्चा मासा येतो आणि विषय तिथंच संपतो. प्रत्यक्षात गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत या भागातल्या स्वयंपाकघरांत जपान शिरला तो माशाच्या वाटेनं नव्हे. आधी पुडीतून, मग बाटलीतून, पुढं पोरांच्या कार्टूनमधून आणि शेवटी मोबाइलमधून आला. हॉटेलांचा त्यात फारसा हात नाही. मुंबईच्या ताजमध्ये २००४ साली 'वासाबी' नावाचं जपानी रेस्तराँ उघडलं, त्याचं निपाणीच्या माणसाला ना सोयर ना सुतक. त्यामुळं हा मागोवा घरच्या शेगडीचाच.

या मुलखाची जपानशी मोठी गाठ आधी पडली ती रणांगणावर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्या रेजिमेंटची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपानी फौजेसमोर उभी ठाकली होती. साठच्या दशकात पु. ल. देशपांड्यांचं 'पूर्वरंग' आलं आणि शत्रू म्हणून ऐकलेला जपान मराठी घरांत प्रवासवर्णनातून नव्यानं आला. ताटात यायला मात्र त्याला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

आला तोही वेश पालटून. मोमोफुकु आन्दो या गृहस्थानं १९५८ साली जपानात झटपट नूडल्स बाजारात आणल्या. आपल्याकडं १९८३ मध्ये मॅगी आली, ती स्विस कंपनीची. आन्दोच्याच निस्सिन कंपनीचे टॉप रामेन १९९१ मध्ये आले. गणपत गल्लीतल्या दुकानात दोन्ही पुड्या शेजारी लटकायच्या, पण त्यातली एक जपानी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. पाठोपाठ संध्याकाळच्या चायनीजच्या गाड्या लागल्या आणि 'अजिनोमोटो' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या प्राध्यापकानं कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाच्या पाण्यातून ती चव वेगळी काढली आणि पुढच्या वर्षी तिची पूड विकायला आली. आमच्याकडं तिची कीर्ती झाली ती उलटी: 'येथे अजिनोमोटो वापरत नाही' अशी पाटी लावून.

सोया सॉसही याच गाड्यांवरून घरात आला, आणि इथं मोठा घोटाळा झाला. तो काळाकुट्ट, दाटसर, गोडसर सॉस फ्राइड राइसला चालतो; जपानी पदार्थात घातला की सगळं एकाच चवीचं होतं. जपानी शोयू सोयाबीन आणि गहू कित्येक महिने आंबवून करतात. तो पातळ, तांबूस आणि वासाला खमंग असतो. किक्कोमान या जुन्या जपानी कंपनीनं २०२१ मध्ये भारतात रीतसर दुकान मांडलं आणि खरा शोयू घरबसल्या मागवणं सोपं झालं. 'जपानी करून बघितलं, खरं जमलं नाही' असं म्हणणाऱ्या निम्म्या घरांत दोष हाताचा नव्हता, बाटलीचा होता.

मधल्या काळात एक मोठं काम पोरांनी केलं. २००५-०६ च्या सुमारास डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून घराघरांत आले. 'आई, डोराकेक कर की' हा हट्ट टिळकवाडीपासून चिक्कोडीपर्यंत सारखाच ऐकू यायचा. दोन मऊ गोल घावन आणि मध्ये लाल अझुकी बियांचं गोड सारण, असा तो मूळचा दोरायाकी. आयांनी मध्ये चॉकलेट फासलं आणि वेळ मारून नेली. खरं तर मंडे आणि पुरणपोळी करणाऱ्या या गावाला डाळी-कडधान्यांचं गोड सारण परकं नाही. लाल चवळी शिजवून, वाटून, गूळ घालून आटवली की दोरायाकीचं सारण तयार. यात वेलची तेवढी घालायची नाही. तिथं आपला हात थांबत नाही, ही गोष्ट वेगळी.

मग नोकऱ्यांनी दार उघडलं. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. बेळगावची मुलं तिथं शिकली, काही बंगळूरला जपानी कंपन्यांत लागली, काही थेट जपानला गेली. सुट्टीवर येताना बॅगेत मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) पाकीट, नोरीची (समुद्रशेवाळाची) पानं आणि करीच्या वड्या येऊ लागल्या. करीच्या वडीची तर गंमतच. इंग्रजांच्या हातून ही करी मेइजी काळात जपानला पोचली, तिथं ती मैदा आणि चरबीच्या वड्यांनी दाट झाली, १९६३ साली तर 'व्हर्मांट करी'त सफरचंद आणि मधसुद्धा पडला. ती वडी इथल्या पातेल्यात पडली तेव्हा घरातल्या आजींचा निकाल ठरलेला: 'आमटी बरी हाय, खरं गोड झालीय.'

२०२० च्या टाळेबंदीत मोबाइलनं उरलेलं केलं. कोबी घातलेला ओकोनोमियाकी, तव्यावर गुंडाळलेलं तामागोयाकीचं अंडं, व्हिनेगर-साखरेतली काकडी हे सगळं त्या दिवसांत घरोघरी होऊन गेलं. ओकोनोमियाकी तर आपल्या भागासाठीच बनवल्यासारखा आहे. बेळगावची भाजी ट्रकनं गोव्याला जाते, आणि कोबीचा भाव पडला की शेतकरी उभ्या पिकात जनावरं सोडतो. एक मोठा गड्डा बारीक चिरून, थोडा मैदा, दोन अंडी आणि पाणी घालून जाड धिरडं घातलं की चौघांचं रात्रीचं जेवण होतं.

मला या सगळ्या प्रवासात खटकते ती एकच गोष्ट. आपण जपानी स्वयंपाक मागवून आणायची वस्तू समजलो. त्याचा निम्मा कच्चा माल आपल्याच शिवारात होता, तिकडं बघितलंच नाही.

तांदळाचं घ्या. येळ्ळूर-वडगावच्या बासमतीचा आपल्याला अभिमान, म्हणून पहिल्यांदा ओनिगिरी, म्हणजे भाताचा दाबून केलेला गोळा, करणारा हमखास बासमती शिजवतो आणि हातात मोकळी शितं घेऊन बसतो. ओनिगिरीला चिकट भात लागतो, आणि तो खानापूर-बेळगाव पट्ट्यात ढीगभर पिकतो: इंद्रायणी. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं हा वाण काढला, १९८७ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. आजऱ्याच्या घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा सुवास इतका दांडगा की आतलं सारण हरवून जातं. इंद्रायणीच बरा. धुऊन अर्धा तास भिजवायचा, कुकरच्या शिट्ट्या न करता जड बुडाच्या पातेल्यात झाकण घालून मंद आचेवर शिजवायचा. भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच तळवे ओले करून मीठ चोळायचं, मूठभर भात घ्यायचा, मध्ये भाजलेला सुका जवळा किंवा लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवायची आणि तीन-चार वेळा फिरवत दाबून त्रिकोण करायचा. जोर लावला की त्याचा लगदा होतो. नोरी नसली तर अडत नाही: तव्यावर दोन्ही बाजूंनी शोयूचा हात देत भाजला की वर खरपूस कड येते. शाळेच्या डब्यात हा गोळा दुपारपर्यंत नीट टिकतो.

रताळ्याची कथा तर याहून लांबची. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या तांबड्या मातीत, बेळगुंदी, बिजगर्णी, उचगावकडं, रताळी होतात. चंदगडचीही इथल्याच बाजारात येतात आणि गाड्या भरून दिल्लीपर्यंत जातात. आपण ती उपवासाला उकडून खातो आणि विसरून जातो. हे पीक आशियात पसरलं त्यात पोर्तुगीजांचा वाटा मोठा, आणि त्यांची पूर्वेकडची राजधानी आपल्या घाटाखाली, गोव्यात. अंजिरो नावाच्या जपान्याचा १५४८ मध्ये गोव्यातच बाप्तिस्मा झाला. त्याला बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमाला उतरला. पोर्तुगीजांच्या येण्याजाण्यातूनच पिठात बुडवून तळायची तऱ्हा जपानात रुजली आणि तिचा तेंपुरा झाला. रताळं तिकडं पुढं र्‍युक्यू बेटांवरून पोचलं, आणि पोचलं तेही याच कागोशिमाच्या मुलखात. म्हणजे रताळ्याचा तेंपुरा हा घाटाखालच्या पोर्तुगीजांचा लांबचा पाहुणाच.

तो करताना आपल्या हातांची एक सवय मोडावी लागते. भज्याचं पीठ आपण घोटघोटून गुळगुळीत करतो. तेंपुऱ्याच्या मैद्यात बर्फाचं पाणी ओतायचं, काट्यानं चार वेळा हलवायचं आणि गुठळ्या तशाच ठेवायच्या. रताळ्याच्या जाडसर चकत्या त्यात बुडवून मध्यम तेलात सोडल्या की वरचं कवच हलकं राहतं. गोडाची आवड असेल तर दाइगाकु-इमो करावा: सालासकट फोडी तळायच्या, साखरेच्या पाकात शोयूचे दोन थेंब टाकून घोळवायच्या, वर काळे तीळ. टोकियोच्या विद्यापीठ परिसरातल्या पोरांच्या खिशाला परवडणारा खाऊ म्हणून हा प्रकार शंभरेक वर्षांपूर्वी गाजला.

शाकाहाऱ्यांना एक सांगायला हवं, कारण मोबाइलवर ते कुणी सांगत नाही. जपानी सार साधं भाजीचं दिसलं तरी तळाला दाशी असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या माशाची. निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरं मोठ्या संख्येनं आहेत. त्यांनी सुकी शिताके अळंबी रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी वापरावं. कडक जैन घरांत अळंबीही चालत नाही, तिथं कोंबू मागवावा. जपानच्या बौद्ध मठांतल्या शोजिन र्‍योरी या पद्धतीत मासमच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. मासे खाणाऱ्यांनी कॅम्पातल्या बाजारातून चांगली सुकी मासळी आणून डोकी काढून उकळली तरी दाशी होते. कच्च्या माशाच्या नादाला मात्र लागू नये. गोव्याहून घाट चढून आलेला बांगडा तळायला उत्तम असतो, कच्चा खायला नव्हे.

आणि सोयाबीन. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले होते, पण ते घरोघरी गेले नाहीत. निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या तंबाखूच्या कित्येक शिवारांत आज ऊस आणि सोयाबीन उभं असतं. जेएस ३३५ या सोयाबीनच्या वाणावर तांबेरा पडू लागला तसा धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ आला. शेतकऱ्याला वाणाचं नाव, भाव, ओलावा सगळं तोंडपाठ. पण हा माल सगळा तेलगिरणीला जातो, पेंड जनावरांना आणि कोंबड्यांना. ज्याच्या खळ्यात दहा पोती पडली आहेत त्याच्याच घरात सोया सॉसची बाटली आणि फ्रीजमध्ये पाकिटातलं तोफू, हा प्रकार मला हास्यास्पद वाटतो.

तोफू म्हणजे काही मोठी विद्या नाही. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, पाणी घालून वाटा, पंच्यातून पिळून घ्या. दूध मोठ्या पातेल्यात उकळा, कारण फेस दुप्पट वर येतो. उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग गॅस बंद करून लिंबाचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घाला. फुटून जमलेला भाग पंच्यात बांधून वर पाट्याचं वजन ठेवा. पिळून उरलेला चोथा थालीपिठात जातो.

यंदा सुगीला पोती गिरणीवर पाठवण्याआधी किलोभर सोयाबीन घरासाठी बाजूला काढा. ते खळ्यातलंच घ्या. पेरणीसाठी आणलेल्या औषध लावलेल्या बियाण्याला हात लावू नका, आणि सोयाचं दूध पुरतं उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका.