एकच ‘आर’, पण नंबर वेगळा!

नाशिक म्हटलं की कुणाला गोदावरी आठवते, कुणाला द्राक्षं. पण नाशिकरोडला आणखी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे नोटांचा छापखाना! १९२८ सालापासून तिथे नोटा छापल्या जातात.

आईकडून एखादी नवी नोट मागून घ्या. आकड्याच्या आधी रुपयाचं चिन्ह दिसेल. देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालून आयआयटी मुंबईच्या डी. उदयकुमार यांनी ते तयार केलं. १५ जुलै २०१० रोजी सरकारनं ते स्वीकारलं.

आता गंमत बघा हं! कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, कळतो फक्त नंबर. युनिकोड नावाच्या जागतिक यादीत आपल्या ‘र’चा नंबर आहे २३५२ आणि रुपयाच्या चिन्हाचा ८३७७! दिसायला जवळचे, पण काम वेगळं, म्हणून नंबरही वेगळा.

अक्षराचं चिन्ह करण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. बीजगणितात आपण एक्स, वाय लिहितो ना? बाराव्या शतकात भास्कराचार्य ‘या’, ‘का’, ‘नी’ लिहीत. ‘या’ म्हणजे यावत्तावत्, ‘का’ म्हणजे कालक (काळा) आणि ‘नी’ म्हणजे नीलक (निळा). त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं मठ काढला होता. त्याची माहिती देणारा १२०७ सालचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण इथे आहे.

पण गणित वाढत गेलं आणि अक्षरं पुरेनात. मग युरोपातल्या गणितज्ञांनी ग्रीक अक्षरं घेतली आणि जुनी जर्मन वळणाची नक्षीदार अक्षरंही घेतली. जाड, टोकदार, कोनाकोनांची! ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं नाव छापतात ना, साधारण तशी. असा नक्षीदार ‘आर’ दिसला, की गणितज्ञ समजतो: ‘पुढच्या संमिश्र संख्येचा वास्तव भाग घ्या.’ साधा ‘आर’ लिहिला तर? ‘आर गुणिले पुढची संख्या’ असं कुणीही वाचेल. नक्षी गेली की अर्थच गेला!

म्हणून युनिकोडनं साध्या ‘आर’ला ८२ आणि नक्षीदार ‘आर’ला ८४७६ असे वेगळे नंबर दिले. २००१ साली तर गणितासाठी ठळक, तिरपी, नक्षीदार अशी जवळजवळ हजार अक्षरं आणि अंक यादीत आले.

पुढे काय झालं, ते तुमच्या ताईदादाला विचारा! ही अक्षरं मोबाइलवर आली आणि मुलं त्यातच आपली नावं लिहू लागली. छान दिसतं खरं. पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांचं काय? त्यांचा फोन पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. अशा नावापाशी आला की तो बिचारा अडखळतो. कधी एकेका अक्षराचं लांबलचक गणिती नाव सांगत बसतो, तर कधी काही न बोलताच पुढे जातो. म्हणजे तुम्ही हौसेनं लिहिलेलं नाव त्या मित्रापर्यंत पोचतच नाही. साधं नाव टाइप करून शोधणाऱ्यालाही ते बऱ्याचदा सापडत नाही.

मग नक्षी करायचीच नाही का? करा की! वहीच्या पहिल्या पानावर, भेटकार्डावर, रांगोळीत खुशाल करा. कॉम्प्युटरवर साधी अक्षरं लिहून फॉन्ट बदला. म्हणजे नंबर तोच राहतो, फक्त कपडे बदलतात. गणिताची अक्षरं मात्र गणितालाच राहू द्या.

आणि हो, या रविवारी एक गणित भास्कराचार्यांसारखं सोडवून बघा. एक्सऐवजी ‘या’ आणि वायऐवजी ‘का’ लिहा. उत्तर तेच येतं की नाही, ते आईबाबांना तपासायला सांगा!