भिंतीला खाच न पाडता

पुण्यातील ज्या वाड्यात आम्ही राहतो त्याच्या मधल्या खोलीत विजेचा बोर्ड एकच आणि त्यावर पाच अँपिअरचा प्लगही एकच. कारण ज्या काळी त्या खोलीत तारा आल्या त्या काळी प्लगला लावण्याजोगी वस्तू म्हणजे रेडिओ, आणि फार तर इस्त्री, याहून अधिक काही गृहस्थाला लागेल अशी कल्पना ना मालकाला होती ना वायरमनला. आज त्याच प्लगभोवती दोन मोबाइल, राउटर, टीव्ही, टेबलावरचा दिवा आणि पावसाळ्यात ओल्या कपड्यांसमोर ठेवलेला पंखा असे सहा उमेदवार उभे असतात, आणि त्या सर्वांची तजवीज एका एक्स्टेन्शन बोर्डाने केलेली असते. हा बोर्ड पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून येतो, आठ दिवसांत पलंगाखाली मुक्काम करतो आणि वर्षभरात कुळकायद्याने संरक्षण मिळालेल्या कुळासारखा तेथून हलेनासा होतो.

गेल्या आषाढात न्हाणीघरात प्लग नाही म्हणून कोणी तरी बादली उंबऱ्याशी आणून पाणी तापवण्याचा रॉड त्याच बोर्डाला लावला, आणि पलीकडे इस्त्री चालूच होती. थोड्या वेळाने खोलीत जळक्या प्लास्टिकचा वास आला. बोर्ड ओढून पाहिला तो एका छिद्राभोवती चहाच्या कपाने उमटावे तसे तपकिरी वर्तुळ उमटलेले. फ्यूज मात्र शाबूत होता, आणि त्याचे आश्चर्य करावे हे त्या गडबडीत कोणालाच सुचले नाही.

अशा वेळी नवा पॉइंट घ्यावा हे सर्वांनाच कळते. परंतु नवा पॉइंट म्हटला की भिंतीला झिरी मारणे आलेच, या समजुतीने तो विषय दिवाळीवर, आणि दिवाळीनंतर पुढच्या रंगकामावर ढकलला जातो. ही भीती अगदीच निराधार नव्हे. जुन्या वाड्यांत लाकडी सांगाड्यात मातीने सांधलेल्या विटा आणि वर चुन्याचा गिलावा असतो. तेथे छिन्नीचा एक घाव बसला की हातभर पोपडा सुटून येतो. नव्या इमारतींत अडचण उलट्या जातीची आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्र ओतण्याची जी पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, आणि जिला बांधकामावरचे लोक ‘मिवान’ म्हणतात, तीत भिंती सळईच्या काँक्रीटच्या असून इमारतीचा भारही त्याच पेलतात; अशा भिंतीत खाच पाडताना सळईला कटर लागला तर तो मामला आपल्या एका फ्लॅटपुरता उरत नाही.

तथापि भिंत ही या दाव्यातील दुय्यम प्रतिवादी होय; मुख्य प्रश्न नव्या प्लगला तार कोठून आणायची हा. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० वॉटची इस्त्री सुमारे साडेचार अँपिअर प्रवाह घेते, आणि जोडीला तितक्याच शक्तीचा रॉड लावला की तो आकडा पावणेनऊच्या घरात जातो. शिवाय तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रवाह दुप्पट झाला असता उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. एका प्लगच्या जागी चार प्लगचा देखणा मॉड्युलर बोर्ड बसवल्याने पिना खोवण्याची सोय वाढते, तारेची कुवत वाढत नाही. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर फार तर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट भार असावा हा आपल्याकडील जुना दंडक याच हिशेबातून आलेला आहे. तेव्हा चार्जर, राउटर आणि दिवा यांच्यापुरता सहा अँपिअरचा प्लग जवळच्या बोर्डावरून पुढे न्यायला हरकत नाही. गिझर, ओव्हन यांच्यासाठी सोळा अँपिअरचा प्लग हवा असेल तर मात्र अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार थेट मेनपासून स्वतंत्र आणावी आणि तिला तिचा स्वतःचा एमसीबी द्यावा.

आणि ही तार भिंतीवरूनच न्यावी. तारा भिंतीत गाडण्याची चाल तशी अलीकडची. आमच्या आजोबांच्या काळी सागवानी पट्टीवर पत्र्याच्या बारीक क्लिपांनी जखडलेल्या तारा तुळईच्या कडेने उजळ माथ्याने जात असत आणि त्यात कोणाला घराची शोभा गेल्यासारखे वाटत नसे. सागाच्या जागी आता पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी आली आहे, एवढाच फरक. कधी तिचीही गरज पडत नाही: पलीकडच्या खोलीत नेमका त्याच जागी बोर्ड असला तर भिंतीतून आरपार एक छिद्र पुरते, भिंतीतल्या जुन्या पाइपात जागा असली तर जुन्या तारेला बांधून नवी ओढून घेता येते.

आमच्याकडे आलेला वायरमन आयटीआयमधून ‘तारतंत्री’ झालेला तरुण होता. त्याने मेन बंद केले, खडू लावलेली दोरी ताणून टिचकीसरशी भिंतीवर पांढरी रेघ उमटवली, चौकटीच्या कडेने हातहातभर अंतरावर स्क्रूने पट्टीचा तळ बसवला आणि कोपऱ्यात दोन्ही तुकडे हॅक्सॉने असे तिरके कापले की सांध्यात नखही शिरू नये. तारेचे टोक सोलून, दुमडून त्याने टर्मिनलमध्ये घातले आणि स्क्रू आवळल्यावर तार ओढून पाहिली. सैल स्क्रूइतके प्लग दुसऱ्या कशाने जळत नाहीत, असे त्याचे म्हणणे. पट्टी थोडी डोळ्यांत भरते, अशी कुरकुर मी केली, तेव्हा तो म्हणाला, “भरू दे की काका. उद्या इथं कोणी तसबिरीसाठी खिळा ठोकायला आला, तर तार कुठं आहे ते त्याला विचारावं लागणार नाही.” या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अर्थिंगच्या हिरव्या तारेवाचून त्याने एकही प्लग बसवला नाही. तीन पिनांच्या प्लगातील वरची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नव्हे. ती आधी टेकते आणि शेवटी सुटते, म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग फेजशी गाठ पडण्यापूर्वीच जमिनीशी जोडले जाते. मेनवर त्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बसवून घ्यायला लावला. माणसाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून इतका प्रवाह जमिनीकडे गळू लागला की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. असले काम घरच्या घरी उरकण्याची हौस अनेकांना असते. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील ४५व्या नियमाने दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता मांडणीतील कोणतीही वाढ परवानाधारक ठेकेदाराकरवीच व्हावी असे ठरवून दिले होते, आणि पुढच्या नियमावलींतही ती अट कायम आहे.

काम संपल्यावर त्याने टेस्ट लॅम्पने प्रत्येक प्लग तपासला आणि जाता जाता मधल्या खोलीचा जुना चिनी मातीचा फ्यूज काढून माझ्या तळहातावर ठेवला. आत फ्यूजच्या बारीक तारेऐवजी तांब्याचे तीन पदर पिळून घट्ट बसवलेले होते. घर जळाले असते तरी ते वितळले नसते. “हे कुणी केलं, काका?” त्याने विचारले. काही वर्षांपूर्वी, ऐन गणपतीत आरतीच्या वेळी दिवे गेले होते आणि मी पाच मिनिटांत ते परत आणून सर्वांची वाहवा मिळवली होती, ते मला स्वच्छ आठवले.