दहा हजारात फॉरेन!

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर पोटात गोळाच आला. त्यामुळे र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळींनी नीट करून घ्यावं. हिशोबात मात्र चूक सापडणार नाही, कारण हिशोब मी लिहिलेलाच नाही. तो कोणी लिहिला ते पुढे येईलच.

गोष्ट सुरू झाली गेल्या ऑगस्टमध्ये, आमच्या खोलीत, मॅगी खाताना. डिसेंबरची सेमिस्टर संपली की चौघींनी परदेशात जायचं असं ठरलं. मी, माझी रूममेट, एक सिव्हिलवाली आणि एक लातूरची. मी लगेच लॅपटॉप उघडला आणि बँकॉकचं पाच दिवसांचं गणित मांडलं. माणशी ४५ हजार. ‘एवढं स्वस्त फॉरेन कुठे मिळतं?’ असंही वर म्हणाले! दोघींनी टाळ्या वाजवल्या. लातूरवाली म्हणाली, ‘तुम्ही जाऊन या गं, मला के.टी.चा अभ्यास आहे.’

मी मानसुद्धा डोलावली. रात्री रूममेट म्हणाली, ‘तिला के.टी. कुठे आहे? ती तर फर्स्ट क्लासवाली.’ तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लातूरवाली ‘कमवा आणि शिका’ योजनेत रोज संध्याकाळी लायब्ररीत काम करते. मेसचं बिल ती त्यातूनच भरते. मला पैसे विचारून मिळतात, तिला मिळत नाहीत. दोन वर्षं एका मजल्यावर राहून मला हे दिसलं नव्हतं याची खरंच लाज वाटली.

दुसर्‍या दिवशी आम्ही तिला सरळ विचारलं, ‘तू किती काढू शकतेस?’ तिने बराच वेळ टाळलं. मग म्हणाली, ‘दहा. त्याच्या वर एक रुपया नाही. आणि कोणी माझे भरायचे नाहीत.’

त्यातून आमचा पहिला नियम तयार झाला, आणि तुम्हीही हाच वापरा असं मी म्हणेन. आधी शहर निवडून मग खर्च काढायचा नाही. ग्रुपमध्ये ज्याचा खिसा सगळ्यात लहान, त्याचा आकडा आधी घ्यायचा आणि त्यात बसेल ते शहर शोधायचं. दहा हजारात बसणारं परदेशी शहर एकच सापडलं : काठमांडू.

कागदपत्रं

नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्टही सक्तीचा नाही, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. पण आपण सगळे जिथे फसतो ती गोष्ट लक्षात घ्या : आपल्या वयाला आधार कार्ड धरत नाहीत. ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी.

माझ्याकडे पासपोर्ट होता. लातूरवालीचं मतदार कार्ड गावात अठरा पूर्ण होताच झालेलं. रूममेट आणि सिव्हिलवाली यांच्याकडे आधारशिवाय काहीच नाही! दोघींनी सप्टेंबरमध्ये ६ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरला. कार्डं घरी पोचली तोवर नोव्हेंबर संपत आला होता. म्हणून हे काम पहिलं करा, तिकिटं नंतर. आणि निदान या निमित्ताने तरी मतदार यादीत नाव लागतं!

मधेच सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं मोठं आंदोलन झालं, सरकार पडलं. घरून फोनवर फोन. आम्ही ठरवलं की नोव्हेंबरअखेर बातम्या बघून शेवटचं ठरवायचं आणि तोवर रद्द करता येईल तेवढंच बुकिंग करायचं. रेक्टर मॅडमनाही पूर्ण कार्यक्रम लिहून दिला. घरच्यांशी खोटं बोलून जाऊ नका, प्लीज. काही झालं तर तुमचा पत्ता कोणाला तरी माहीत हवा.

जायचं कसं

विमानाचं नाव काढलं की दहा हजार संपले. म्हणून मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, स्लीपर क्लास. दीड दिवस लागतो, पत्ते बरोबर घ्या. गोरखपूरहून बसने सोनौली, साधारण तीन तास. तिथे कमान ओलांडून चालत नेपाळमध्ये जायचं. पलीकडे चार-पाच किलोमीटरवर भैरहवा, तिथून काठमांडूची बस.

रात्रीची बस घेतली असती तर एका मुक्कामाचे पैसे वाचले असते. आम्ही मुद्दाम घेतली नाही. रस्ता डोंगरातला, खाली नदी. भैरहवाला मुक्काम केला आणि सकाळची बस धरली. पूर्ण दिवस लागला. पावसाळ्यात तर या रस्त्याच्या वाटेला जाऊच नका. जुलै २०२४ मध्ये दरड कोसळून दोन बसेस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. डिसेंबरमध्ये आभाळ स्वच्छ असतं, पण थंडी मरणाची. स्वेटर नवीन घेऊ नका, हॉस्टेलभर उसने मागा.

पैसे

१९९३ पासून दर पक्का आहे : आपला १ रुपया म्हणजे नेपाळी १.६०. कॅल्क्युलेटर नको, नेपाळी ८ म्हणजे आपले ५ एवढं पाठ करा.

आम्ही इथेच आपटलो. सीमेवर जीपवाल्याशी ४०० ठरले, आम्हाला वाटलं नेपाळी. उतरल्यावर तो म्हणाला, ‘आयसी!’ म्हणजे इंडियन करन्सी. नेपाळी ती एनसी. एका शब्दापायी आपले दीडशे जास्त गेले. किंमत ऐकली की पुढचा प्रश्न एकच : आयसी की एनसी?

शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर नेपाळमध्ये बरीच वर्षं बंदी होती. हे नियम बदलत असतात, निघताना ताजा नियम पाहा. आम्ही शंभराच्याच नोटा नेल्या, चार जणींत वाटून. २०२४ पासून तिथल्या फोनपे नेटवर्कच्या क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालू झालंय, पण त्यावर विसंबून राहू नका.

राहणं, खाणं, फिरणं

ठमेल हा टुरिस्ट लोकांचा भाग. मोठ्या रस्त्यावर न थांबता दोन गल्ल्या आत गेलो. चौघींना एक खोली, रात्रीचे २००० नेपाळी. गरम पाणी आहे का हे विचारायचं नाही, नळ सोडून बघायचं!

जेवायला दाल-भात. भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात, त्यामुळे दुपारी तेच पोटभर आणि रात्री मोमो. भक्तपूरला मातीच्या भांड्यातलं दही मिळतं, जुजु धौ. ते चुकवू नका.

आपल्याला एक मोठी सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात, त्यामुळे बसच्या पाट्या वाचता येतात. टॅक्सी करायची गरजच पडली नाही. लातूरवाली दारात उभी राहून पाटी वाचायची आणि आम्ही चढायचो. मी सगळ्यात हळू वाचणारी, दोन बसेस माझ्यामुळे चुकल्या. बसच्या तिकिटावर साल २०८२ बघून मात्र दचकू नका, तिथे विक्रम संवत चालतं. घड्याळही आपल्यापुढे १५ मिनिटं आहे.

काठमांडू खोर्‍यातली सात ठिकाणं १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तीन दिवसांत आम्ही पाच पाहिली : हनुमानढोका, पाटण, भक्तपूर, स्वयंभू आणि बौद्धनाथ. सार्क देशांच्या नागरिकांना तिकीट इतर परदेशी लोकांपेक्षा बरंच कमी पडतं, म्हणून ओळखपत्र खिशातच ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ गेला भक्तपूरला, न्यातापोल मंदिरासमोर. पाच छपरांचं हे देऊळ १७०२ मध्ये राजा भूपतींद्र मल्लाने बांधलं. १९३४ आणि २०१५, दोन्ही मोठ्या भूकंपांत ते उभं राहिलं. आजूबाजूची कितीतरी देवळं २०१५ मध्ये पडली. सिव्हिलवाली पायर्‍यांवर बसून आम्हाला शिकवू लागली : खाली पाच टप्प्यांचा रुंद चौथरा, वर प्रत्येक मजला आधीच्यापेक्षा लहान, म्हणजे भार खाली राहतो. त्यात लाकडाचे जोड थोडे हलतात, म्हणून विटांसारखे एकदम फुटत नाहीत. स्ट्रक्चर्सच्या लेक्चरला मी इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

हिशोब (माणशी, भारतीय रुपयांत)

रेल्वे, जाऊन-येऊन : १४००
गोरखपूर–सोनौली, जाऊन-येऊन : ३००
भैरहवा–काठमांडू बस, जाऊन-येऊन : १४००
सहा रात्रींचा मुक्काम : १८००
दहा दिवसांचं खाणं : ३०००
प्रवेश तिकिटं व शहरातल्या बसेस : ११००
एकूण : ९०००
राखीव : १०००

राखीव पैशाला हात लावायचा नाही हा दुसरा नियम. जीपवाल्याचे दीडशे, सिव्हिलवालीला ताप आला तेव्हाची औषधं आणि डॉक्टर, सगळं त्यातून गेलं. उरलेले माणशी ३२० रुपये गोरखपूर स्टेशनवर लातूरवालीने प्रत्येकीला मोजून परत दिले. हो, खजिनदार तीच होती. रोज रात्री ती वही उघडायची आणि आम्ही चिडायचो. ‘दहा रुपयांचं काय घेऊन बसलीस?’ असं मी एकदाच म्हणाले. तिने वर न बघता विचारलं, ‘कुठले दहा? आयसी की एनसी?’

बँकॉकला मी कधीतरी जाईनही. पण तिथे तिच्याशिवाय जाऊन आले असते आणि तिला फोटो दाखवले असते, या विचाराने आजही कसंतरी होतं.

कोणाला जायचं असेल तर ती वही आमच्या खोलीत आहे, खुशाल घेऊन जा. फक्त वाचून झाली की परत करा. शेवटच्या पानावर तिने पुढच्या वर्षीचा आकडा लिहून ठेवलाय.