स्त्रीधनाची माडी

मैत्रिणीबरोबर जपानमधला हिमेजीचा किल्ला पाहिला. पांढऱ्या गिलाव्याचा, १६०९ मध्ये पुरा झालेला. चपला पिशवीत घालून उभे लाकडी जिने चढायचे. गुडघे बोलू लागतात!

पण मन रमलं पश्चिमेच्या तटावर. तिथे लांबलचक दालनात दासी राहायच्या. टोकाला राजकन्या सेनहिमेची शृंगाराची माडी, माहेरहून आलेल्या स्त्रीधनातून बांधलेली. सहा-सात वर्षांची असताना तिचं लग्न झालं. १६१५ मध्ये ओसाकाला आजोबा-वडिलांच्याच फौजेनं सासर बुडवलं, नवरा गेला. पुढच्या वर्षी दुसरं लग्न. इथे लहानगा मुलगा गेला, १६२६ मध्ये हाही नवरा.

"माहेरच्यांनी दोनदा उजवली. तिला कुणी विचारलं असेल का गं?" मैत्रीण म्हणाली.

मग सेनहिमे संन्यासिनी झाली. पुढे चाळीस वर्षं जगली, एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत.